नावाजलेली वाईन आवडली नाही? आधी या चुका टाळा

"एवढं नाव ऐकून घेतली, पण आम्हाला काही आवडली नाही." पणजीत वाईनच्या कपाटापाशी मी 14 वर्षं उभा आहे आणि हे वाक्य आठवड्यातून तीन-चारदा तरी ऐकतो. बोलणारा एकतर बाटलीला नावं ठेवतो, नाहीतर "आम्हाला वाईनमधलं कळत नाही" म्हणत स्वतःच्या जिभेला. खरं तर बऱ्याचदा बाटलीही चांगली असते आणि जीभही. गडबड असते ती पाजण्यात. ती सुधारूनही वाईन रुचली नाही, तर ती तुमची आवड. पण तिथवर पोचायला थोडा धीर लागतो, आणि तोच कमी पडतो.

लाल वाईन ‘रूम टेम्परेचर’ला पिणं

या एका सल्ल्याने गोव्यात जितक्या बाटल्या वाया गेल्या असतील तितक्या खराब बुचांनीही गेल्या नसतील. ‘रूम’ म्हणजे युरोपातली जुनी दगडी खोली, 16 ते 18 अंशांची. आपल्याकडे एप्रिलमध्ये पंख्याखालीसुद्धा 32 अंश असतात. एवढ्या उबेत ग्लास नाकाशी नेला की आधी अल्कोहोलचा भपका येतो आणि फळाचा वास त्याखाली दबून जातो.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. कवळ्याला काकांची पंचाहत्तरी होती. चुलतभावाने इटलीची बारोलो आणली होती. नेब्बिओलो द्राक्षाची ही वाईन. नियमाप्रमाणे किमान 38 महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, आणि टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे कोऱ्या चहात किंवा कच्च्या काजूच्या बोंडात असतो तो तुरटपणा. बाटली सकाळपासून गाडीच्या डिकीत पडून होती. दुपारी ती उघडली आणि पानात होती कोंबडीची शागोती, लाल मिरची आणि मिरी सढळ हाताने घातलेली.

काकांनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "तोंड पोळतंय रे, आणि कडूही लागतंय." भाऊ दुखावला. "काका, तुम्हाला गोड पोर्टची सवय, म्हणून," असं तो म्हणाला आणि मीही मान डोलावली. ते मला आजही लागतं, कारण काका अगदी खरं बोलत होते. तिखटाने पोळलेल्या तोंडात अल्कोहोल जास्त जाळतं आणि टॅनिनचा कडवटपणा वर येतो. बाकी सगळे "छान आहे, छान आहे" म्हणत होते आणि ग्लास मात्र भरलेले तसेच होते.

उरलेली अर्धी बाटली मी बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या अर्धा तास आधी बाहेर काढली, कारण फ्रिजमधल्या थेट गारव्यानेही तुरटपणा वाढतो. बरोबर नुसतं मीठ-मिरी लावून भाजलेलं मटण. तीच वाईन, पण सुकलेल्या गुलाबाचा आणि चेरीचा वास सगळ्यांना आला. काकांनी पुन्हा एक घोट घेतला, नीट घोळवला आणि म्हणाले, "आतां कोडू लागना. पूण म्हाका आवडना." म्हणजे आता कडू लागत नाही, पण मला आवडत नाही.

त्या घराला वाईनमधलं तेवढं एकच प्रामाणिक मत मिळालं, असं मी मानतो.

माझी सवय सांगतो. बादलीत बर्फ, त्यावर बुडेल इतकं पाणी आणि मूठभर खडेमीठ. लाल वाईन 15 मिनिटं, पांढरी अर्धा तास. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते. पाणी असलं की काचेला सगळीकडून गारवा लागतो. फ्रीझरमध्ये टाकून विसरणाऱ्यांची बुचं वर आलेली मी पाहिली आहेत. पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी महिनाभर जपलेली बाटली असं करून का घालवावी?

दुसऱ्याच्या नाकाने वास घेणं

शिराझ, म्हणजे त्याच नावाच्या द्राक्षाची लाल वाईन, प्यायला बसलेल्या चौघांपैकी तिघांना मिरीचा वास येतो, चौथ्याला काहीच येत नाही, आणि मग तो बिचारा "हो हो, आली" म्हणतो. नका म्हणू. तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा आहे, हे 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. त्याच कामात साधारण पाचातल्या एकाला तो वास जाणवतच नाही, असंही दिसलं. तिथे शिकून काही होत नाही, नाकाची घडणच तशी. ज्या वासासाठी ती बाटली नावाजली गेली तोच तुम्हाला येत नसेल, तर ती तुम्हाला सपाट लागणारच.

पदकांचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या एका राज्यस्तरीय स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाईन न सांगता तीनदा दिली गेली. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे जेमतेम दहातले एक निघाले. म्हणून 95 गुणांचा कागद पाहून घेतलेली बाटली घशाखाली उतरेना, तर अपराधी वाटून घेऊ नका. आणि कृपा करून पहिल्या घोटाआधी फोनवर गुण शोधू नका. तरुण गिऱ्हाइकं हे हटकून करतात, आणि मग त्यांची जीभ आकड्याच्या मागे जाते.

गोड आवडतं म्हणून लाजणं

गोव्यात पोर्ट म्हणून मिळणारी गोड लाल वाईन आणि पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातली पोर्ट या वेगळ्या गोष्टी आहेत. दोउरूच्या द्राक्षमळ्यांची हद्द 1756 सालीच आखली गेली. तिथे आंबणं चालू असतानाच द्राक्षाचं स्पिरिट घालतात, त्यामुळे साखर उरते. पण गोडावर प्रेम असणं ही अडाणीपणाची खूण असती, तर दोउरूची पोर्ट जगाने एवढी डोक्यावर घेतली नसती. मला स्वतःला कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली वाईन आवडते. तरी सुंगटाच्या हुमणाबरोबर, म्हणजे कोळंबीच्या आमटीबरोबर, मी किंचित गोड, गार वाईनच काढतो. तिखट तिनेच शमतं.

आता बारीकसारीक. फेणी घेऊन झाल्यावर महागडी वाईन उघडू नका, तोंडात काजूच राहतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बूच बाधलेलं आहे. ती तुमची नावड नव्हे, बाटली दुकानात परत न्या. एकाच घोटावर निकाल देऊ नका, अर्धा ग्लास तरी जेवणाबरोबर जाऊ द्या. आणि यजमान असाल तर "कशी वाटली?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. लोक खोटं बोलतात. मी ग्लास उचलताना तळाशी किती उरली ते बघतो.

"आवडली नाही" एवढं लिहून पुढच्या वेळी उपयोग होत नाही. तुरट लागली, आंबट लागली, की लाकडाचा वास नको वाटला, ते लिहा. मी दुकानात वही ठेवतो. तिच्यात काकांचंही एक पान आहे: "बारोलो, गार करूनही नको, तुरट. नाशिकची पांढरी शेनिन ब्लाँ, इसवणाच्या (सुरमईच्या) कापांबरोबर: दुसरा ग्लास मागितला."