सुरुवातीची टायटल्स करताना या चुका टाळा

अठरा मिनिटांची शॉर्टफिल्म होती. कोकणातलं घर विकलं गेलंय आणि आजी तिथे शेवटची रात्र काढते, एवढीच गोष्ट. टायटल्स मी केली होती. काळी पाटी, गंज चढल्यासारखी अक्षरं, विरत जाणारी नावं आणि खाली व्हायोलिनचा एकच ताणलेला सूर. मला ते उदास वाटत होतं. पहिल्या शोला आजी मागीलदारी जायला उठली, तिने कडी काढली आणि तिसऱ्या रांगेतली एक मुलगी किंचाळली. मग हशा. पुढची बारा मिनिटं लोक भुताची वाट बघत बसले. दिग्दर्शकाला वाटलं, आजीचं काम करणाऱ्या बाईंचं काही चुकलं. बाईंचं काम चोख होतं. पहिल्या पन्नास सेकंदांत मीच लोकांना भलत्या सिनेमाला बसवलं होतं. त्यात कोकणातलं जुनं घर म्हटलं की आपल्याकडे अर्धी भीती लोक घरूनच घेऊन येतात, हेही मी विसरलो होतो.

टायटल्स चालू असताना प्रेक्षक नावं फारशी वाचत नाही. तो दोन गोष्टी ताडत असतो: हा सिनेमा कुठल्या जातकुळीचा आहे, आणि तो आपल्यासाठी आहे का. त्याचा अंदाज चुकला तर दोष बहुतेक वेळा टायटल्सचा असतो.

उसने ओरखडे

थ्रिलर म्हटला की हमखास फर्माईश येते, ‘ते सेव्हनसारखं करा ना.’ डेव्हिड फिंचरच्या 1995 च्या त्या सिनेमाची टायटल्स काईल कूपरने केली. खरवडलेली, थरथरणारी अक्षरं, वहीची पानं शिवणारी सुई, बोटाच्या टोकाची कातडी तासणारं ब्लेड. आता तशी अक्षरं टेम्प्लेटमध्ये फुकट मिळतात, म्हणून सगळे तीच लावतात. पण मूळ सिनेमात ते हात खुन्याचे आहेत. खुनी उघडपणे समोर येतो तो फार उशिरा. तो ज्याने साकारला त्या नटाचं नावसुद्धा सुरुवातीच्या यादीत नाही. म्हणजे टायटल्स ही त्या पात्राची एंट्री आहे. तुमच्या गोष्टीत अशी वही नाही, असे हात नाहीत, तर ओरखडे कुणाचे? या प्रश्नाचं उत्तर नसेल तर अक्षरं साधी ठेवा. साध्या अक्षरांनी भीती वाटत नाही हा गैरसमज आहे.

त्याचा पुरावा 1960 चा ‘सायको’. सॉल बासच्या त्या टायटल्समध्ये सुरा नाही, रक्त नाही, घरही नाही. करड्या पट्ट्या पडदाभर आडव्या-उभ्या धावतात, नावं मधोमध चिरली जातात आणि संगीतकार बर्नार्ड हरमनची तंतुवाद्यं घाई करत राहतात. आपल्याकडे याच्या बरोबर उलटं चालतं. सिनेमातलेच शॉट कापून टायटल्सखाली लावायचे, त्यात मध्यंतरानंतरचा अपघातही यायचा. हे ट्रेलरचं काम. टायटल्सनी धाक दाखवायचा, गोष्ट फोडायची नाही.

कार्टून आलं म्हणजे मुलं आली

टायटल्समध्ये चित्रं नाचू लागली की आईबाप निर्धास्त होतात. 1963 च्या ‘द पिंक पँथर’मध्ये नावांशी खोड्या काढणारा गुलाबी बिबळ्या आला तो मोठ्यांच्या विनोदी सिनेमात. तो इतका आवडला की पुढच्याच वर्षी त्याचं स्वतंत्र कार्टून निघालं. तिथे ते खपून गेलं, कारण चित्रांचा वात्रटपणा आणि सिनेमाचा वात्रटपणा एकाच वयाचा होता. संगीतकार हेन्री मँसिनीच्या सॅक्सोफोनने तर सांगूनच टाकलं होतं की ही मोठ्या माणसांची संध्याकाळ आहे.

गोलमटोल अक्षरं, शिट्टी, वारलीतली माणसं फेर धरतायत आणि दहाव्या मिनिटाला नवराबायकोचा शिवीगाळीचा सीन, हे मी थिएटरात पाहिलंय. शेजारच्या काकांनी नातवाच्या कानांवर हात ठेवले होते. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए 7+, 13+ की 16+ ते लिहिलेलं असतं, पण ते वाचतो कोण? म्हणून टायटल्स सुरू करण्याआधी निर्मात्याला विचारा, प्रमाणपत्र कुठलं मिळेल असं वाटतंय? 16+ असेल तर शिट्टी काढून टाका.

आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून ऐका

‘शोले’ची टायटल्स आठवा. स्टेशनवर उतरलेला जेलर आणि रामलाल घोड्यांवरून रामगढकडे निघतात आणि नावं येऊ लागतात. खडक, मोकळं आभाळ, रुंद पडदा. राहुल देव बर्मनचं गिटार घोड्याच्या चालीवर. कुणी एक शब्द न बोलता 1975 च्या प्रेक्षकाला कळलं की हा नेहमीचा डाकूपट नाही, यात परदेशी वेस्टर्नचं, म्हणजे काउबॉयपटांचं, पाणी आहे. आवाज बंद केलात तरी ते कळतं, नुसतं ऐकलंत तरी कळतं.

आपली टायटल्स अशीच तपासा. सिनेमाबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाला एकदा मुकी दाखवा, एकदा नुसती ऐकवा. विचारा, ‘पुढे काय होईल? याला कुणाला घेऊन जाल?’ दोन्ही वेळा उत्तर वेगळं आलं तर चित्र आणि संगीत दोन सिनेमे सांगतायत. ‘छान आहे’ हे उत्तर धरू नका. पुण्यात ते सभ्यतेने दिलेला नकारही असतो.

देवनागरीची मोडतोड

सगळ्यात जास्त रात्री माझ्या इथे गेल्यात.

इंग्रजी टेम्प्लेटमध्ये एकेक अक्षर उडत येऊन बसतं. तिथे देवनागरी टाकली की ‘दिग्दर्शक’ची पहिली वेलांटी द सोडून पलीकडे जाते, ग् चा पाय मोडतो, रफार भलत्याच डोक्यावर बसतो. आफ्टर इफेक्ट्स किंवा प्रीमियर या सॉफ्टवेअरमध्ये हे झालं तर आधी प्रेफरन्सेसमध्ये जा आणि तिथे टेक्स्ट इंजिनचा पर्याय असेल तर दक्षिण आशियाई निवडलंय का ते पाहा. त्यानंतरही वाकडं दिसलं तर मजकूर बहुधा जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधून चिकटवलेला असतो. तो युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरवर विसंबलात तर प्रत्येक नाव नीट वाचून काढा.

दुसरी मोड ट्रॅकिंगची, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची. रोमन अक्षरं लांब-लांब ठेवली की गंभीर, महागडी दिसतात, म्हणून तोच आकडा देवनागरीला लावतात आणि शिरोरेखा तुटते. नाव दात पडल्यासारखं दिसतं. अंतर हवंच असेल तर ते शब्दांमध्ये वाढवा किंवा शिरोरेखा नसलेलं अक्षरलेखन कुणाकडून काढून घ्या. हालचालही अख्ख्या शब्दाला द्या. फार तर शिरोरेखा आधी ओढली जाऊ दे आणि अक्षरं तिच्यावरून खाली उतरू देत. ते देखणं दिसतं आणि आपलं दिसतं.

अक्षराच्या वळणावरून नाटकाचा बाज सांगायची रीत मराठीत जुनी आहे. कमल शेडगे यांनी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं बघा. जाहिरातीतली बाकीची ओळ न वाचताही फार्स आहे की काळजाला हात घालणारं आहे ते समजतं. हे हाताशी असताना गावाकडच्या गोष्टीला आपण कॉर्पोरेट प्रेझेंटेशनचा फॉन्ट लावतो, याचं मला नवल वाटतं. आणि नावं नुसती रोमनमध्ये दिलीत तर तालुक्याच्या थिएटरातला प्रेक्षक पहिल्याच पाटीला ओळखतो की आपल्याला धरलेलं नाही. महोत्सवासाठी खाली बारीक रोमन द्या, पण वरची ओळ मराठीच असू द्या.

टायटल्सच्या आधीची टायटल्स

1955 च्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’च्या रिळांसोबत प्रोजेक्टरवाल्यांना सूचना गेली होती की टायटल्सच्या आधी पुढचा कापडी पडदा उघडा. तोवर नावं त्या बंद कापडावरच उमटायची आणि लोक तेव्हा खुर्च्या शोधत असायचे. खुर्च्या लोक आजही मोबाइलचा टॉर्च लावून शोधतातच, पण आपली अडचण वेगळी आहे. प्रमाणपत्र, सिनेमात तंबाखू दिसत असेल तर त्याचा इशारा, चार निर्मात्यांचे चार लोगो, मग गणपती, दिवंगत वडिलांचा फोटो आणि आभाराच्या सात पाट्या. एवढं झाल्यावर दोन मिनिटांची टायटल्स कितीही सुंदर असोत, माणूस पॉपकॉर्नकडे वळतो. आभार शेवटी न्या. वडिलांचा फोटो राहू द्या, त्यावरून वाद घालू नका. फक्त त्याच्यामागची सनई गुन्हेगारी सिनेमाच्या टायटल्समध्ये सांडू देऊ नका. मध्ये दोन सेकंद काळं आणि पूर्ण शांत ठेवा.

आजीच्या फिल्मची टायटल्स नंतर बदलली. गंज काढला. पितळी डबे, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कपबशा, भिंतीवर फोटो काढल्यावर उरलेले चौकोन आणि बाजूला शांतपणे येणारी नावं. व्हायोलिन गेलं, मागे कुकरची शिट्टी राहिली. पुढच्या शोला आजीने कडी काढली तेव्हा कुणी किंचाळलं नाही. एक बाई मात्र तिथून उठून बाहेर गेल्या आणि दहा मिनिटांनी डोळे पुसत परत येऊन बसल्या.