प्राथमिक वर्गाचं वार्षिक नियोजन: सगळे विषय एकत्र कसे मांडावेत

जून आला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर तयार वार्षिक नियोजनाची पीडीएफ फिरायला लागते. कृपा करून ती वहीत चिकटवू नका. त्यात मराठी, गणित, परिसर अभ्यास एकाखाली एक असतात आणि एका विषयाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. वर्गात मात्र तीच मुलं, त्याच दिवशी, हे सगळं शिकत असतात. मी मुंबईत तिसरी-चौथीला शिकवते. तिथे जे उपयोगी पडलं तेवढंच सांगते.

आधी तासिका मोजा. शाळेच्या कॅलेंडरवर सुट्ट्या, सहल, स्नेहसंमेलन आणि मूल्यमापनाचे दिवस खोडून टाका. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास सांगितले आहेत, म्हणजे दिवसाला सरासरी 4 तास. पण कागदावरचे सगळे दिवस शिकवण्याचे धरू नका. जुलैत रुळांवर पाणी आलं की शाळा सुरू असूनही वर्ग अर्धा रिकामा असतो, आणि अशा दिवशी नवा घटक सुरू करता येत नाही. दर 10 तासिकांमागे 2 मोकळ्या ठेवाच. मध्येच निवडणुकीचं काम लागलं तर त्याही पुरत नाहीत.

मग प्रत्येक घटकाची एक कागदी पट्टी करा, विषयाला एक रंग. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाच्याही पट्ट्या हव्यात. पुस्तकाच्या सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं याची विधानं, छापलेल्या असतात. त्यातल्या ज्या लागू पडतात त्या पट्टीच्या मागे लिहा.

आता या पट्ट्या एकमेकींना जोडायच्या. इथे मी सलग दोन वर्षं चुकले.

तेव्हा मी विषयसूत्र धरून जोडत असे. जुलै म्हणजे पाऊस. मराठीत पावसाची कविता, चित्रकलेत छत्र्या, परिसर अभ्यासात पाणी, आणि गणितासाठी कापलेल्या बाटलीत पावसाचं पाणी साठवून रोज मोजायचं. वही सुरेख दिसत होती. तिसऱ्या दिवशी मी गॅलरीत एका गटाजवळ बसले. एका मुलीने मोजपट्टीवरचा 1 बाटलीच्या तळाशी टेकवला, पाणी 4 च्या रेघेला दिसलं आणि तिने 4 सेंटिमीटर लिहिलं. पाणी 3 सेंटिमीटरच होतं. बाकीच्यांनी तिचं बघून 4 लिहिलं, आणि पुढच्या तासिकेला त्याच आकड्यांचा तक्ता भिंतीवर लागला. मोजपट्टी शून्यापासून धरायची हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. लांबी मोजण्याचा घटक मीच दिवाळीनंतर टाकला होता.

म्हणून सांगते, विषयसूत्रावरून जोडू नका. प्रत्येक पट्टीच्या डाव्या टोकाला लिहा: हे शिकण्याआधी मुलाला काय यायला हवं? उजव्या टोकाला लिहा: हे आल्यावर पुढचं काय सोपं होईल? एकीचं उजवं टोक दुसरीच्या डाव्याला जुळलं तरच बाण काढा.

तिसरीतला नकाशा घ्या. त्याच्या डाव्या टोकाला दिशा येतात. आपल्या मुलांना दादर पूर्व आणि दादर पश्चिम ही दोन ठिकाणांची नावं वाटतात, त्यात दिशा आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून शारीरिक शिक्षणाच्या तासाला मैदानावर दिशांचा खेळ आधी घ्यावा लागतो. दुपार अधिवेशनाच्या, म्हणजे दुपारच्या पाळीच्या मुलांना शाळेत उगवता सूर्य दिसत नाही, त्यांच्यासाठी शाळा सुटताना मावळतीकडून सुरुवात करा. त्यानंतर शाळेपासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्याचा नकाशा आणि त्यावरून मराठीत रस्ता सांगणं. चारही पट्ट्या 3 आठवड्यांत बसतात.

काय हलवायचं याबद्दल माझं मत पक्कं आहे. संख्याज्ञान, बेरीज-वजाबाकी, गुणाकार यांची साखळी तोडू नका. मापन आणि आकार मात्र बिनधास्त पुढे आणा. परिसर अभ्यास ऋतू बघून हलवा: व्यवसायांचा घटक नारळी पौर्णिमेच्या सुमारास घेतला, तर वर्सोवा किंवा वरळी कोळीवाड्यात होड्या पुन्हा समुद्रात जायची तयारी मुलांना प्रत्यक्ष बघता येते. भाषेचे पाठ थोडे मागे-पुढे चालतात, पण पुस्तकाच्या शेवटचा पाठ जुलैत ओढू नका. वाचनाची पातळी तिथवर पोचलेली नसते.

आणखी एक. एकाच तासिकेत दोन विषय साधले म्हणून दोन्हींवर बरोबरची खूण करू नका. 'माझी गल्ली' यावर पाच छान ओळी लिहिणाऱ्या मुलाला त्या गल्लीच्या नकाशात उत्तर दिशा दाखवता येईलच असं नाही. निष्पत्ती वेगळ्या, नोंदीही वेगळ्या ठेवा.

बाण काढून झाले की पट्ट्या महिन्यांत भरा, आधी बाणवाल्या, मग बाण नसलेल्या. मुख्याध्यापकांची सही घ्या.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उरलेल्या पट्ट्या मोजा. एखादी पट्टी दुसऱ्यांदा पुढे ढकलायची वेळ आली, तर आधी तिचं उजवं टोक वाचा. पुढचं काही तिच्यावर अवलंबून असेल तर सोमवारी पहिल्या तासिकेला तीच घ्या. नसेल तर मोकळ्या ठेवलेल्या तासिकांमधल्या दोन तिला द्या.