लेन्सचं छापील मार्गदर्शक कसं वाचावं

आधी छपाईचं साल पाहा. कॅननचं आरएफ आणि निकॉनचं झेड माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडायची बैठक) 2018 साली आलं. त्याआधीच्या आवृत्तीत ते सापडणार नाही. कॅननच्या जुन्या ईएफ किंवा निकॉनच्या जुन्या एफ माउंटची सेकंडहँड लेन्स घेणार असाल, तर मात्र जुनी आवृत्तीच जास्त कामाची.

तक्त्यात पहिला रकाना वाचायचा तो माउंट आणि ऑटोफोकसचा. निकॉन डी3500 च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर स्वतःची मोटर नसलेली ‘एएफ-डी’ लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्समध्येच मोटर असलेली ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ घ्या.

मग फोकल लेंग्थ, म्हणजे लेन्स किती रुंद किंवा अरुंद दृश्य देते ते ठरवणारा मिमीतला आकडा. एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरपेक्षा) लहान सेन्सर असेल तर तिला 1.5 ने गुणा, कॅनन असेल तर 1.6 ने. निकॉनवर 50 मिमीची लेन्स 75 मिमीइतकं अरुंद दृश्य देते. घरातल्या फोटोंना 35 मिमीच बरी.

ø52 हा फिल्टरचा व्यास, फोकल लेंग्थ नव्हे. किमान फोकस अंतर सेन्सरपासून मोजतात, त्यामुळे लेन्सच्या टोकापुढे प्रत्यक्ष जागा कमी उरते.

लेन्सची तीक्ष्णता दाखवणारे एमटीएफ आलेख सुरुवातीला खुशाल सोडा. कंपन्यांचे आलेख बरेचदा गणिताने काढलेले असतात.