ब्रॉयलरला अँटिबायोटिकऐवजी काय द्यायचं, कसं द्यायचं

पहिलं हे लक्षात घ्या, हळद-लसूण म्हणजे औषध नाही, मर सुरू झाल्यावर टाकून काही होत नाही, पहिल्या दिवसापासून द्यायचं असतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक कोंबड्यांना देणं आपल्याकडे 2019 मध्येच बंद झालं, युरोपात वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक देणं 2006 पासून बंद आहे, तरी अजून बरेच जण पिल्लं उतरली की सवयीने कोर्स चालू करतात. आतड्यात चांगले जंतू बसायच्या आधीच आपण सगळं साफ करून टाकतो, हे मला खरंच पटत नाही.

तर पिल्लं आली की पाण्यातून प्रोबायोटिक, म्हणजे आतड्यातले चांगले जंतू द्या, लॅक्टोबॅसिलस किंवा बॅसिलसवालं, डोस पाकिटावर असतो. त्या पाण्यात क्लोरीन नको, नाहीतर जंतू मरतात आणि पैसे पाण्यात. लसीच्या पाण्यातही क्लोरीन, व्हिनेगर काहीच नको.

हळद 100 किलो खाद्याला अर्धा किलो. थेट ओतू नका! मी पहिल्या लॉटला ओतली होती, काही फीडरमध्ये पिवळे गोळे आणि काहींत हळदच नाही. आधी 5 किलो खाद्यात नीट कालवा, मग ते बाकीच्यात. हळकुंडं आणून दळून घ्या, सांगलीकडची मिळाली तर उत्तम, सुट्या पावडरीत रंग असू शकतो. लसूण पावडर 100 किलोला 300 ग्रॅमपासून सुरू करा, वासाने पिल्लं खाद्य कमी खातात का ते दोन दिवस बघा. करारावर कोंबड्या असतील तर सुपरवायझरला विचारल्याशिवाय कंपनीच्या खाद्यात काही मिसळू नका.

आणि लिटर, म्हणजे शेडमध्ये खाली अंथरलेला तूस. खरं सगळं इथेच आहे. पाणी प्यायच्या निपलखालचा तूस मुठीत दाबा, मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे, तिथे कॉक्सी (आतड्याचा रोग, रक्ती हगवण) वाढणारच, मग किती का हळद घाला. गळणारा निपल आधी बदला, ओला तूस काढून कोरडा टाका, बाकीचा रोज सकाळी हलवा.

विष्ठेत रक्त दिसलं, पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात बसली, तर घरगुती काही करत बसू नका, दोन मेलेली पिल्लं घेऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, पोस्टमॉर्टेम करून घ्या. तेव्हा अँटिबायोटिक लागलं तर द्यायचंच, फक्त डॉक्टर सांगतील तितके दिवस थांबून मगच माल उचलायला द्या.