चेहऱ्यावर जाड केस येतायत? या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, आपल्याकडे कुठंही जावा, मुलीच्या हनुवटीवर जाड काळे केस दिसले की घरातलं उत्तर ठरलेलं, पार्लरला जाऊन थ्रेडिंग करून घे. थ्रेडिंग करा की, त्याने किंवा रेझरने केस जाड होत नाहीत, तो उगाचचा समज आहे. पण केस निघाले म्हणजे कारण निघालं नाही, आणि ह्यातच वर्षं जातात. जास्त करून कारण पीसीओएस, म्हणजे ओव्हरीचं (अंडाशयाचं) आणि हार्मोनचं बिघडलेलं गणित असतं, आणि पाळी दर महिन्याला येते म्हणून ते नसेलच असं नाही.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे मेडिकलमधून आणलेली गोरं व्हायची ट्यूब. माझ्या मावसबहिणीने ती कितीतरी महिने लावली, गाल लालबुंद, कातडी पातळ, आणि वर बारीक लव दाट झाली. ट्यूब उलटी करून बघा, बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलं असेल तर ते स्टेरॉईड आहे. एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून ट्यूब घेऊनच स्किनच्या डॉक्टरांकडे जावा.

दवाखान्याच्या आदल्या दिवशी वॅक्सिंग करू नका ओ, डॉक्टर ओठाच्या वर, हनुवटी, छाती, पोट, पाठ, मांड्या अशा 9 जागा बघून प्रत्येकीला 0 ते 4 मार्क देतात, सगळं काढून गेलात तर ते बघणार काय? आणि डॉक्टर कन्नड बोलतात, आपल्याला लाज वाटते म्हणून सोबतच्या काकींनाच बोलू दिलं तर छाती-पोटावरच्या केसांचं सांगायचं राहूनच जातं.

पाळी नियमित करायच्या हार्मोनच्या गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासलं तर आकडा कमी येतो, केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही रिपोर्ट बिघडवतं, दोन्ही आधी सांगा. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका, पाळी सुरू होऊन 8 वर्षं व्हायच्या आत तर तिच्यावरून पीसीओएस ठरवतच नाहीत.

औषध दोन महिन्यांत सोडणं ही चूक तर घरोघरी. आलेला केस आपलं आयुष्य संपवूनच गळतो, त्यामुळे गोळ्यांचा फरक दिसायला 6 महिने तरी लागतात. स्पायरोनोलॅक्टोन ही केस कमी करायची गोळी चालू असताना दिवस राहिले तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो, लग्न ठरलं असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, लपवू नका. मेटफॉर्मिन ही गोळी साखरेला, पाळीला चालते, केसांना फारसं नाही. लेझर जाड काळ्या केसांवर चालतं, पांढऱ्यावर नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्यावर बारीक लवेवर मारलं तर कधीकधी उलटे जास्त केस येतात.

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. चार-सहा महिन्यांतच भराभर केस वाढले, आवाज जाड झाला, कपाळाच्या वर टक्कल पडायला लागलं, तर ओव्हरीत किंवा किडनीवरच्या ग्रंथीत गाठ आहे का ते लगेच बघायला लागतं, त्याच आठवड्यात बेळगावात नाहीतर मिरज-कोल्हापूरला हार्मोनच्या डॉक्टरांना गाठा.