ट्रॉलीचा हूक जोडताना या चुका टाळा

गळीत हंगाम तोंडावर आला की, आणि पुन्हा मार्चनंतर पाण्याचे टँकर सुरू झाले की, माझ्या शेडवर त्याच त्या तक्रारी येतात. "काका, चढाला पुढचं उचलायलंय." "मागची चाकं जागेवर फिरायलेत." कुणी क्लचला बोल लावतो, कुणी टायरला. मी आधी टेप काढतो आणि ट्रॅक्टरच्या हुकाची आणि ट्रॉलीच्या कडीची उंची मोजतो. बहुतेक वेळा दुखणं तिथंच सापडतं.

आधी एक गोष्ट समजून घ्या. उसाच्या चार चाकी ट्रॉलीची दांडी बिजागरीवर असते, ती वरखाली होते, त्यामुळं तिथं दोन-तीन इंचांचा फरक निभावून जातो. दोन चाकी ट्रॉली आणि दोन चाकी टँकर यांचं तसं नाही. त्यांची दांडी सांगाड्याला पक्की असते. हूक वर गेला की टँकर मागं कलतो आणि वजन आसाच्या मागं सरकतं. हूक खाली राहिला की टँकर नाक घासतो, सगळा भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरचं पुढचं हलकं होऊन स्टेअरिंग धरत नाही. लोक मात्र चार चाकीची काळजी करतात आणि टँकर "आहे तसा" जोडतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्रॅक्टर बदलला तरी हूक जुन्याच भोकात ठेवणं (हूक वरखाली करून बसवायला एकाखाली एक भोकं असतात). 2016 चा उन्हाळा आठवा, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते वर्ष. आमच्या नात्यातल्या एका पोरानं नुकताच पन्नास एचपीचा ट्रॅक्टर घेतला होता. जुन्याला मागं 13.6-28 चे टायर होते, नव्याला 16.9-28 चे, म्हणजे जास्त रुंद आणि उंच. या एवढ्या फरकानं आस दोन इंचांहून जास्त वर जातो, आणि त्याच्याबरोबर हूकही. टँकर पाच हजार लिटरचा, आत आडवे पडदे, म्हणजे पाणी हिंदकळू नये म्हणून बसवतात ते पत्रे, नाहीत. मी त्याला म्हणालो, "बाबा, अर्धा तास थांब, हूक एक भोक खाली घेऊ." तो म्हणाला, "जाऊ द्या ना काका, लोक हंडे घेऊन बसलेत." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मीही धरून ठेवलं नाही. ते मला आजही लागतं.

पहिल्या वाडीवर त्यानं निम्मं पाणी सोडलं आणि धारूरच्या घाटाला लागला. चढाला अडीच टन पाणी एकदम मागच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. टँकर आधीच मागं कललेला, आता दांडी हुकाला खालून वर उचलायला लागली. मागच्या चाकांवरचं वजन गेलं, चाकं जागेवर फिरली आणि सगळं धूड मागं घसरलं. टँकर आडवा होऊन डोंगराच्या बाजूच्या नालीत बसला म्हणून निभावलं. दरीची बाजू असती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही. मी पोचलो तेव्हा पोरगा स्टेअरिंग घट्ट धरून बसलेला होता, बोटं सोडवेनात. नंतर हूक खाली घेतला आणि टाकीत तीन पडदे जोडून घेतले. पडदे नसलेला टँकर निम्मा भरून घाटात नेऊच नका, हूक कितीही बरोबर असो.

माझी मोजायची सवय सांगतो. रानात मोजत नाही. आपली काळी माती एका बाजूला दबते आणि माप फसवं येतं. गावातला सिमेंटचा रस्ता बघतो. मागच्या दोन्ही टायरांची हवा सारखी करतो. ट्रॉली नेहमीच्या भारानं भरून, चाकांना दगडाची उटी लावून, दांडी जॅकवर घेतो. गवंड्याची पाणसळ सांगाड्यावर ठेवतो आणि सांगाडा सपाट झाला की जमिनीपासून कडीच्या मध्यापर्यंतचं माप घेतो. मग हुकाचं. इंचभर फरक उरलाच तर नाक किंचित खाली राहिलेलं मला चालतं, वर गेलेलं चालत नाही. आणि हूक मागच्या आसाच्या मध्यापेक्षा खालीच हवा. यात तडजोड नाही.

दुसरी चूक बघून तर माझं डोकं उठतं: लिफ्टनं उंची जुळवणं. रोटाव्हेटर सोडला, लिफ्टच्या दोन हातांत भोकाची पट्टी तशीच अडकवली, टँकर त्याच पट्टीला जोडला आणि लिव्हर वर करून "लेव्हल" केली. अरे, लिफ्ट अवजार उचलायला आहे, रस्त्यावर टन-टन भार ओढायला नाही. प्रत्येक खड्ड्याचा दणका लिफ्टच्या सिलिंडरला बसतो. हात वर घेतले की ओढ वरून बसते आणि पुढचं उचलतं. चेकच्या साखळ्या (लिफ्टचे हात बाजूला हलू नयेत म्हणून असतात त्या) ढिल्या असल्या तर टँकर मागं शेपटीसारखा हलतो. सील गळत असलं तर सकाळी जुळवलेली उंची दुपारपर्यंत उतरते. हूक काढून नीट लावायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं ज्याच्याकडं नाहीत, त्यानं टँकरचं भाडं घेऊ नये.

टॉप लिंकच्या, म्हणजे लिफ्टच्या दोन हातांच्या वरच्या तिसऱ्या दांड्याच्या, जागी साखळी बांधून कधीच ओढू नका. ट्रॅक्टर मागं उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

पिनेच्या जागी सळईचा तुकडा चालत नाही. मापाची पिन, तिला खालून लॉक, आणि वळणात ताणणार नाही एवढी ढिली साखळी दांडीखालून.

हुकाला अँगल वेल्डिंग करून उंची वाढवायला माझ्याकडं येऊ नका, मी करून देत नाही. बोल्टचा, भोकांचा हूक घ्या.

जीपला किंवा पिकअपला छोटी ट्रॉली लावणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. ट्रॅक्टरला मागं कमानपाटे नसतात, तुमच्या गाडीला असतात. माणसं आणि सामान भरलं की गाडीच्या मागचा, ट्रॉली जोडायचा गोळा खाली बसतो, म्हणून रिकाम्या गाडीचं माप घेऊन उपयोग नाही. युरोपात 50 मिमीच्या गोळ्याचा मध्य, गाडी भरलेली असताना, जमिनीपासून 350 ते 420 मिमीवर ठेवायचा नियम आहे. ट्रॉली बनवून घेताना फॅब्रिकेटरला हे माप आधीच द्या.

आणि जोडताना ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मध्ये माणूस उभा करू नका. "घे, घे, अजून घे" म्हणत खांद्यावर दांडी पेलणारी पोरं मी रोज बघतो. दांडी जॅकवर ठेवा, ड्रायव्हरनं एकट्यानं मागं घ्यावं, गाडी बंद करून हँडब्रेक ओढावा आणि मगच खाली उतरून पिन टाकावी.