रात्रीची गाडी, स्टेशनवरचे चार तास: लाउंजवर पैसे घालवावेत का?

आमच्याकडे रात्रीच्या प्रवासाचं वेळापत्रक रेल्वेच्या आधी एसटी ठरवते. लातूरहून मुंबईची गाडी रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, पण गावाकडून येणारी शेवटची बस सातलाच आणून सोडते. मग हातात डब्याची पिशवी, खांद्यावर बॅग, सोबत एखादं पेंगुळलेलं लेकरू, आणि समोर तीन-साडेतीन तास. ज्यांचं घर स्टेशनपासून दहा मिनिटांवर आहे त्यांना हा प्रश्न पडतच नाही. बाकीच्यांसाठी हा लेख.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मोबाइलवर ‘रेल्वे लाउंज’ शोधलं की गुबगुबीत खुर्च्या, कॉफीचं यंत्र, बुफे असे फोटो येतात. ते एक्झिक्युटिव्ह लाउंज नवी दिल्ली, जयपूर, अहमदाबाद, आग्रा अशा मोठ्या स्टेशनांवरचे. मराठवाड्यात लाउंज म्हणून लोक जे विचारतात ते साधारण तीन प्रकारचं असतं: तिकिटावर फुकट मिळणारी वेटिंग रूम, काही ठिकाणी तासावर पैसे घेणारी एसी वेटिंग रूम, आणि झोपायला खाट देणारी रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी. तिघींचा उपयोग वेगळा आहे. पैसे वाया जातात ते बहुतेक वेळा चुकीची निवडल्यामुळे.

पहिलं काम: गाडी खरंच किती वाजता येणार ते काढा

तिकिटावरची वेळ ही गाडीची इच्छा समजा. मनमाड-सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा, म्हणून पडला. पुढे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचा, झाला, पण बराच भाग अजून एकेरीच आहे. परभणी ते मुदखेड दुहेरी झाला. छत्रपती संभाजीनगर ते परभणी या 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली ती 2025 मध्ये. तोवर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला एखाद्या छोट्या स्टेशनवर उभं राहणं, म्हणजे ‘क्रॉसिंग’, आपल्या नशिबी आहेच. एक क्रॉसिंग लांबलं की पुढची सगळी गणितं सरकतात.

त्यामुळे घरून निघण्याआधी एनटीईएस किंवा रेलवन अ‍ॅपवर गाडी या क्षणी कुठं आहे ते बघा. नुसतं ‘40 मिनिटे लेट’ वाचून थांबू नका, मागच्या दोन-तीन स्टेशनांवर उशीर वाढतोय की कमी होतोय ते बघा. अ‍ॅप जमत नसेल तर रेल्वेच्या 139 या चौकशी क्रमांकाला फोन करा. गाडी तुमच्याच स्टेशनवरून सुटणारी असेल तर अंदाज बांधणं सोपं, कारण ती निदान फलाटावर उभी तरी दिसते. खरा खेळ देवगिरी, नंदीग्राम, अजिंठा अशा मधूनच पकडायच्या गाड्यांचा.

तारखेचाही एक फास आहे. गाडी रात्री 12.40 ची आणि तिकिटावर 15 तारीख असेल, तर स्टेशनवर जायचं 14 च्या रात्री. हसू नका, शिकलेली माणसं यात फसतात. रिटायरिंग रूम घेतानाही हाच घोळ होतो: संध्याकाळपासून खोली हवी असेल तर बुकिंग 14 तारखेचं पाहिजे.

दुसरं काम: तास मोजा, मग ठरवा

दीड-दोन तासांचा प्रश्न असेल तर एक रुपयाही खर्च करू नका. साधी वेटिंग रूम किंवा फलाटावरचा पंख्याखालचा बाक पुरे. त्यातही हिवाळ्यात फलाट आणि एप्रिल-मेमध्ये वेटिंग रूम, एवढाच फरक.

दोन ते चार तास असतील तर एसी वेटिंग रूमचा विचार करा, पण सोबत कोण आहे ते बघून. एकटा तरुण माणूस असेल तर मी म्हणेन नको. गुडघे धरलेली आई, तान्हं बाळ, किंवा मे महिन्याची दुपार तापवून गेलेली रात्र असेल तर खुशाल घ्या. दर तासावर असतो आणि दारात लावलेला असतो. तो वाचा, पावती मागा, किती वाजेपर्यंत भरलेत ते पावतीवर बघा.

चार तासांच्या पुढे गेलं, किंवा गाडी मध्यरात्रीनंतरची असली, तर खुर्ची कितीही मऊ असो, तिच्यात माणसाचं भागत नाही. तिथं आडवं व्हायची सोय शोधा. गावाकडून शेवटच्या एसटीने येऊन रात्री दीड-दोनची गाडी धरणाऱ्यांसाठी डॉर्मिटरीची खाट हा माझ्या मते सगळ्यात रास्त खर्च आहे.

नांदेडला मात्र आणखी एक वाट आहे. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा स्टेशनपासून लांब नाही, लंगर सगळ्यांसाठी खुला असतो आणि यात्री निवासही आहेत. डोकं झाकून दर्शन घ्या, पंगतीत बसून जेवा, मग स्टेशनवर या. तीन-चार तास कसे जातात कळत नाही. तिथली श्रद्धेची रीत मात्र पाळा. गुरुद्वाऱ्याला फुकटचं हॉटेल समजून वागणारे लोकही पाहिलेत, त्यांच्यात जाऊ नका.

तिसरं काम: वेटिंग रूम पारखून घ्या

आत शिरल्यावर पहिली खुर्ची पकडायची घाई असते. तसं करू नका. आधी सामान सोबतच्या माणसाकडे ठेवून एक फेरी मारा. स्वच्छतागृह वापरण्यासारखं आहे का? पाणी येतंय का? चार्जिंगचा पॉइंट चालू आहे का, की नुसताच भिंतीला शोभा आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं, बाहेरची घोषणा आत ऐकू येते का?

हे शेवटचं मी पैसे मोजून शिकलो. एका स्टेशनवर, नाव सांगत नाही, आईला घेऊन एसी वेटिंग रूममध्ये बसलो होतो. काचेचं दार घट्ट, एसी घरघरतोय, आत कुणाचा तरी मोबाइल मोठ्याने चालू. गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला आणि ती घोषणा आमच्यापर्यंत आलीच नाही. बाहेर पडलो तेव्हा आमच्या फलाटावर शुकशुकाट होता आणि गाडी पलीकडच्या फलाटावर लागत होती. आईला पुलावरून कसं नेलं ते आम्हालाच माहीत. तिनं डब्यात बसल्यावर एवढंच विचारलं, “तिथं बसायचे पैसे दिले होते का रे?” तेव्हापासून मी दाराजवळची खुर्ची घेतो आणि गाडीच्या वेळेआधी अर्धा तास बाहेर येतो.

वेटिंग रूममध्ये बसायला प्रवासाचं तिकीट लागतं. काही ठिकाणी परिचर वहीत पीएनआर, म्हणजे तिकिटाचा नंबर, लिहून घेतात, म्हणून तिकिटाचा मेसेज वर काढून ठेवा. आपल्याकडे एक माणूस मुंबईला निघाला की पोहोचवायला पाच जण येतात. त्यांच्यासाठी 10 रुपयांचं फलाट तिकीट काढावं लागतं, ते दोन तास चालतं, आणि त्यावर वेटिंग रूममध्ये बसण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून पाचापैकी चौघांचे रामराम रिक्षापाशीच उरका.

एकट्या बाईमाणसाने महिलांची वेगळी वेटिंग रूम आहे का ते आधी विचारावं. ती फलाटाच्या टोकाला, अंधाराकडे असेल तर त्यापेक्षा तिकीट खिडकीजवळचा गजबजलेला हॉल बरा. रेल्वे पोलिसांची चौकी कुठं आहे ते येतानाच बघून ठेवावं.

सामान जास्त असेल आणि गावात काम उरकायचं असेल तर क्लोकरूम ज्या स्टेशनवर आहे तिथं ती वापरा. बॅगेला कुलूप लागतं, नसेल तर ठेवून घेत नाहीत. पाच-पन्नास रुपयांचं छोटं कुलूप बॅगेत कायम असू द्या, रात्री बर्थखालच्या साखळीलाही तेच कामी येतं.

चौथं काम: रिटायरिंग रूम हवी असेल तर आधीच घ्या

रात्री आठला काउंटरवर जाऊन ‘खोली आहे का’ विचारलं की उत्तर बहुधा ‘फुल्ल’ असतं. आयआरसीटीसीच्या साइटवर रिटायरिंग रूमचा वेगळा विभाग आहे. तिथं पीएनआर टाकायचा, स्टेशन निवडायचं आणि खोली की डॉर्मिटरीची खाट ते ठरवायचं. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी (बसायपुरती जागा पक्की) पाहिजे, वेटिंगवर खोली मिळत नाही. बुकिंग 12 किंवा 24 तासांचं, काही ठिकाणी तासांवरही मिळतं. तुमच्या स्टेशनचं नाव तिथं दिसलं नाही तर प्रत्यक्ष चौकशी खिडकीवर विचारा. ओळखपत्र प्रत्येकाचं लागतं. एक बरं झालंय: जीएसटी परिषदेने जून 2024 मध्ये रिटायरिंग रूम, वेटिंग रूम, क्लोकरूम आणि फलाट तिकीट हे सगळं करमुक्त केलं. पावतीवर कर लावलेला दिसला तर विचारा.

खोली हातात आली तरी लगेच बॅगा उघडू नका. चादर, कडी, पंखा, गिझर बघा. मोबाइलवर दोन गजर लावा, एकावर भरवसा नको. दिवसभर शेतात किंवा लग्नात राबलेला माणूस खाटेला पाठ टेकल्यावर गाडीच्या शिट्टीने उठत नाही.

अमृत भारत योजनेतल्या कामांमुळे आपल्याकडच्या अनेक स्टेशनांवर तोडफोड आणि बांधकाम चालू असतं. मागच्या वर्षी जिथं वेटिंग रूम होती तिथं आज पत्रे लावलेले असू शकतात. म्हातारं माणूस सोबत असेल तर आदल्या दिवशी गावातल्या कुणाला तरी बघून यायला सांगा.

पाचवं काम: पैसे पलीकडच्या टोकासाठी राखा

इथं माझं मत बहुतेकांच्या उलट आहे. निघण्याआधीच्या आरामापेक्षा पोचल्यावरच्या आरामाला खर्च करावा. निघताना तुम्ही तुमच्या मुलखात असता: पाहुणे असतात, ओळखीचं दुकान असतं, जेवण घरचं असतं. देवगिरी किंवा लातूर एक्स्प्रेस सकाळी सीएसएमटीला सोडते आणि मंत्रालयातलं, हॉस्पिटलमधलं किंवा मुलाखतीचं काम दहा-अकराशिवाय सुरू होत नाही. चुरगळलेल्या शर्टात, तोंड न धुता ते तीन तास काढणं जास्त जड जातं. अंघोळ, दाढी, तासभर पाठ टेकणं हे तिथं हवं.

सीएसएमटीवर 2022 मध्ये पॉड हॉटेल सुरू झालं. माणूस मावेल एवढा कप्पा, एसी, दिवा, चार्जिंग. मुंबई सेंट्रलचं त्याच्याही आधीचं, नोव्हेंबर 2021 चं. त्याचं उद्घाटन तेव्हाचे रेल्वे राज्यमंत्री, आपल्या जालन्याचे रावसाहेब दानवे यांनी केलं. गंमत म्हणजे जालन्याहून मुंबई सेंट्रलला थेट गाडी नाही, त्यामुळे जालनेकराला ते वापरायचं तर टॅक्सी किंवा लोकल धरावी लागेल. कुटुंब सोबत असेल तर पॉडपेक्षा रिटायरिंग रूम परवडते.

सचखंड एक्स्प्रेसने दिल्लीला उतरून पुढची गाडी धरायची असेल तर तिथं खरं लाउंज वापरून बघायला हरकत नाही. आधी खिशातलं कार्ड तपासा. काही रूपे कार्डांवर आणि क्रेडिट कार्डांवर वर्षाला ठरावीक वेळा रेल्वे लाउंज मोफत असतं, दारात कार्ड घासून एक-दोन रुपये कापतात. किती तास मिळणार आणि जेवण धरून की वेगळं, हे आत बसण्याआधी विचारा. मोफत समजून चार तास बसलेल्यांना बाहेर पडताना जादा तासांचं बिल मिळतं.

पोट, पाणी, चार्जिंग

रात्री दहानंतर गाडी असेल तर जेवण स्टेशनवरच उरका. रात्री दहा ते सकाळी सहा ही मधला बर्थ उघडायची वेळ, तुम्ही चढता तेव्हा डबा अंधारात झोपलेला असतो. तिथं ठेच्याचा डबा उघडलात तर वासाने सगळे जागे होतील आणि त्यातले निम्मे वाटाही मागतील. धपाटे, दशम्या, शेंगदाण्याची चटणी हा आपला जुना मेनू यासाठीच आहे: ताट लागत नाही, सांडत नाही, दुसऱ्या दिवशीही चालतो. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर 2025 पासून 14 रुपयांना आहे. सुट्टा रुपया परत मागायला लाजू नका.

डब्यातले चार्जिंग पॉइंट रात्री 11 ते पहाटे 5 बंद ठेवायची सूचना असते. काही डब्यांत पाळतात, काहींत नाही. मोबाइलमध्येच तिकीट आणि गजर असल्यामुळे वेटिंग रूममध्ये बसल्या बसल्या तो पूर्ण भरून घ्या. पहाटे मधल्याच स्टेशनवर उतरायचं असेल तर 139 वर जागं करण्याची सोय आहे, तीही तिथंच बसून लावून टाका.

आणि गाडी फारच लेट झाली तर

तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त लेट असेल आणि तुम्ही प्रवासच रद्द केला तर पूर्ण पैसे परत मिळतात. ऑनलाइन तिकीट असेल तर त्यासाठी टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, भरावा लागतो, आणि तो गाडी तुमच्या स्टेशनवरून प्रत्यक्ष सुटायच्या आत. घरी जाऊन सकाळी निवांत भरू म्हणालात तर गेलं. वेटिंग रूमच्या खुर्चीत बसूनच भरा, मग पहाटेची पहिली एसटी किती वाजता आहे ते बघा.